पुढची स्प्रिंग बसली का? मिलिमीटरचा हिशेब जुळेपर्यंत निकाल देऊ नका

प्रश्न थोडक्यात असा: पन्नास-साठ वर्षांची जुनी गाडी, पुढे कॉइल स्प्रिंग आणि वर-खाली विशबोन आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारे, वर-खाली हलणारे दांडे). समोरून पाहिलं की डावी बाजू दबलेली दिसते, खड्ड्यात धाडकन आवाज येतो, डाव्या टायरची आतली कड जास्त झिजते. मेकॅनिक म्हणतो, स्प्रिंग बसल्या (ओझ्यानं कायमच्या आखूड झाल्या), जोडी बदला. खरंच स्प्रिंगच गेली हे कसं ठरवायचं?

ही तिन्ही लक्षणं बसलेल्या स्प्रिंगची असू शकतात. पण स्प्रिंग ठणठणीत असतानाही तिन्ही दिसतात. नुसतं बघून किंवा बॉनेट दाबून निकाल देऊ नका. गाडी जितके मिलिमीटर खाली आहे, त्यांतले किती स्प्रिंगच्या नावावर जातात हे मोजता येतं, आणि हिशेब जुळला तरच स्प्रिंग दोषी.

आधी एक गैरसमज दूर करू. 'स्प्रिंग मऊ झाली' असं आपण सर्रास म्हणतो, पण पोलाद वयानं मऊ होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास, काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या आणि पोलादाचा एक स्थिरांक यांवर ठरतो, आणि तो स्थिरांक वर्षानुवर्षं तोच राहतो. बदलते ती मोकळी लांबी. सततच्या ओझ्याखाली तार कायमची किंचित पिळली जाते आणि स्प्रिंग आखूड होते, यालाच बसणं म्हणायचं. त्यामुळे बसलेली स्प्रिंग पहिल्याइतकीच कडक असते, फक्त गाडी खाली उभी असते आणि बंप रबरपर्यंतचं (आर्म पूर्ण वर गेला की ज्यावर आपटतो त्या रबरी ठोकळ्यापर्यंतचं) अंतर कमी झालेलं असतं. खड्ड्यात धाडकन होतं ते या कमी झालेल्या अंतरामुळे.

अपवाद गंजाचा. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात बदलतो. १३ मिमीची तार गंजून १२.५ मिमी उरली, तर अर्धा मिलिमीटर गेला म्हणून कोणी घाबरत नाही, पण कडकपणा साधारण १४ टक्क्यांनी उतरतो आणि उरलेल्या पोलादावरचा ताण १२ टक्क्यांनी वाढतो. अशी स्प्रिंग पुढे मोडते, आणि ती बहुतेकदा खालच्या वाटीत बसलेल्या पहिल्या वेढ्यातच. तिथे चिखल-पाणी साचतं आणि बाहेरून काही दिसत नाही. वेढा तुटला की उरलेली स्प्रिंग उलट जास्त कडक होते, कारण काम करणारे वेढे कमी झाले. म्हणून 'एक बाजू दबलेली, तरी दणके जास्त' असं जाणवलं तर आधी टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन दोन्ही टोकांचे वेढे पाहा. वाटीतली माती ब्रशने काढल्याशिवाय तपासणी झाली असं समजू नका. वेढ्यांमध्ये समोरासमोर घासून चकाकलेले डाग असतील, तर स्प्रिंग पूर्ण दाबली जाऊन वेढे एकमेकांवर आपटत आहेत.

शॉक अॅब्सॉर्बरबद्दलही गोंधळ असतो. साधा तेलाचा शॉक गाडीचं वजन उचलत नाही. तो गेला तर गाडी डोलत राहते, खाली बसत नाही. गॅस भरलेला शॉक मात्र दांडा सतत बाहेर ढकलतो. समजा तो जोर २०० न्यूटन आहे आणि स्प्रिंगला मिलिमीटरमागे ४० न्यूटन लागतात, तर शॉक साधारण स्प्रिंगच्याच ओळीत बसवलेला असल्यास स्प्रिंगपाशी ५ मिमीचा उचल मिळतो. बसलेल्या स्प्रिंग झाकायला कोणी असे शॉक बसवले असतील, तर मोजमापापूर्वी ते लक्षात घ्या.

आता मोजमाप. जमीन खरोखर सपाट हवी. गॅरेजची फरशी डोळ्यांना सपाट दिसते, पण दोन चाकांच्या जागांत १० मिमीचा फरक सहज निघतो. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाणी भरून चारही चाकांच्या जागी लावून बघा, कमी असेल तिथे पत्र्याचे तुकडे घाला. टायर चारही एकाच मापाचे, हवा गाडीच्या मॅन्युअलमध्ये, म्हणजे पुस्तकात, दिली आहे तेवढी. स्टेपनी जागेवर, डिकी रिकामी, टाकी पुस्तकात सांगितली असेल तशी, नाहीतर निदान दर वेळी सारखीच. रिस्टोरेशन चालू असलेल्या गाडीचा रेडिएटर, बंपर किंवा इंजिनच बाहेर असेल, तर उंची मोजून काही हाती लागणार नाही.

जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजायची नाही. चाकं आत ओढली गेलेली असतात आणि टायरची पकड गाडीला वर धरून ठेवते. हँडब्रेक सोडून गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला, समोरून तीन-चार वेळा झुलवा. जागा नसेल, तर पुढच्या चाकांखाली ग्रीस लावलेले दोन-दोन पत्रे एकावर एक ठेवा, म्हणजे चाकं आपापल्या जागी सरकतील.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप सगळे घेतात. घ्या, टायरचा फरक त्यात येत नाही. पण जुन्या गाडीचं मडगार्ड कधी ठोकलेलं, कधी नवीन बसवलेलं, कधी पुट्टीनं आकार दिलेलं, आणि दोन्ही बाजूंच्या कडा १० मिमीनं वेगळ्या असणं नवलाचं नाही. विश्वासाचं माप खालच्या आर्मचं. आर्मचा आतला, चेसिसकडचा पिव्हट बोल्ट जमिनीपासून किती उंच आणि बाहेरचा, चाकाकडचा सांधा किती उंच, हे दोन्ही बोल्टांच्या मध्यापासून मोजा आणि वजाबाकी करा. टायर, मडगार्ड, बॉडी सगळं हिशेबातून बाहेर पडतं. टेप तिरका धरला जातो, म्हणून गुण्या जमिनीवर उभा करून माप घ्या.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. उजवीकडे आतला पिव्हट २५१, बाहेरचा सांधा २२६, म्हणजे फरक २५ मिमी. डावीकडे २३८ आणि २२६, म्हणजे फरक १२. डावी बाजू उजवीपेक्षा १३ मिमी खाली आहे, हे झालं चाकापाशी. स्प्रिंग मात्र आर्मच्या मध्ये कुठेतरी बसलेली असते. आतल्या पिव्हटपासून स्प्रिंगचा मध्य २०० मिमी आणि बाहेरचा सांधा ३५० मिमी असेल, तर गुणोत्तर साधारण ०.५७. चाकापाशी १३ मिमी म्हणजे स्प्रिंगपाशी १३ × ०.५७ = ७.४ मिमी. स्प्रिंग दोषी असेल तर डावी स्प्रिंग उजवीपेक्षा ७ ते ८ मिमी आखूड निघायला हवी. हा आकडा लिहून ठेवा, स्प्रिंग बाहेर आल्यावर लागेल.

पण अजून खोलायचं नाही. आधी घर्षण तपासा. चेसिसच्या मजबूत जागी किंवा बंपरच्या ब्रॅकेटवर भार देऊन पुढची बाजू खाली दाबा, हळूहळू सोडा, माप घ्या. मग वर उचला, हळूहळू सोडा, पुन्हा माप घ्या. समजा एकदा ३४२ आणि एकदा ३५४ आलं. खरी उंची मधली, म्हणजे ३४८, आणि १२ मिमी ही घर्षणाची किंमत. सुस्थितीतल्या सस्पेन्शनमध्येही थोडा फरक राहतोच, पण तो दहा-पंधरा मिलिमीटरपर्यंत गेला तर पाच मिलिमीटरच्या फरकावरून स्प्रिंगला बोल लावण्यात अर्थ नाही. ग्रीस न मिळालेला आट्यांचा ट्रनियन (आर्म आणि चाकाचा भाग जोडणारा फिरता सांधा), जाम झालेला लीव्हर शॉक (हात असलेला जुन्या पद्धतीचा शॉक), गंजलेला पिव्हट यांपैकी काहीतरी अडतंय, ते आधी मोकळं करा.

रबर बुश (आर्मच्या पिव्हटमधल्या रबरी नळ्या) तर फार फसवतात. रबर-धातू जोडलेले बुश फिरत नाहीत, पिळले जातात. चाकं हवेत लटकत असताना पिव्हटचे बोल्ट आवळले, तर रबर त्या स्थितीत 'शून्य' धरतं आणि गाडी खाली आल्यावर आर्मला उलट पीळ देऊन गाडी वर ठेवतं. एका बाजूचे बुश असे आवळलेले आणि दुसऱ्या बाजूचे नीट, की झाली गाडी वाकडी. उपाय सोपा आहे: गाडी चाकांवर उभी असताना दोन्ही बाजूंच्या आर्मचे पिव्हट बोल्ट एक-दोन फेरे सैल करा, गाडी झुलवा, पुढे-मागे ढकला, पुन्हा मोजा, आणि त्याच उंचीला पुस्तकातल्या टॉर्कने आवळा. कित्येकदा अर्धा फरक इथेच नाहीसा होतो. अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजू जोडणारा दांडा) असेल तर त्याची एक लिंक काढून बघा. बोल्ट हातानं सहज निघून परत बसला पाहिजे. टॉमी (लोखंडी दांडा) लावून भोकं जुळवावी लागत असतील, तर बार वाकलाय किंवा लिंक लहान-मोठ्या आहेत, आणि तो एका बाजूला ओढतोय.

मग पाळी मागच्या स्प्रिंगची. पुढची डावी बाजू दबलेली दिसते, पण कारण मागे असू शकतं. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) एका बाजूचे बसले की अख्खी बॉडी कलते. ओळखायची युक्ती अशी: मागे सलग अॅक्सल असेल, तर डिफरन्शियलच्या बरोबर मध्याखाली अरुंद लाकडी ठोकळा ठेवून एकच जॅक लावा आणि मागची चाकं जमिनीपासून जेमतेम सुटतील एवढंच उचला. अॅक्सल एका बिंदूवर टेकल्यामुळे मागचा भाग कुठल्याच बाजूला कलवू शकत नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, पण बोटभर फट ठेवून. अॅक्सलच्या नळ्यांखाली थोड्या फटीनं स्टँड ठेवा आणि गाडीखाली शिरू नका. पुढे पुन्हा मोजा. कल तसाच राहिला तर दोष पुढे, गेला तर मागचे पाटे तपासा आणि पुढच्या स्प्रिंगला हात लावू नका.

टायरच्या आतल्या कडेबद्दल. वरचा आर्म खालच्यापेक्षा आखूड असेल तर गाडी दबली की चाकाचा माथा आत झुकतो, म्हणजे कॅम्बर ऋण होतो आणि आतली कड झिजते. वरच्या आर्मचे बुश गेले तरी माथा आतच झुकतो. टो बाहेर गेला असेल (चाकं पुढच्या बाजूनं बाहेर फाकली असतील) तरीही आतलीच कड जाते, आणि तेव्हा रबरावर हात आडवा फिरवला की एका दिशेला करवतीसारखी धार लागते. उंची दोन्हीकडे सारखी भरली आणि तरी कड झिजतेय, तर स्प्रिंग सोडा, बुश आणि टाय रॉड बघा. दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असतील तर गाडी वाकडी दिसत नाही, नुसती नाक खाली घालून उभी राहते. २३०० मिमी व्हीलबेसच्या गाडीचं तोंड २० मिमी खाली गेलं की चेसिस अर्धा अंश पुढे झुकते आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) तेवढाच कमी होतो. स्टिअरिंग वळणावरून आपोआप सरळ येण्यात आळस करतं. हेडलाइटचा झोतही खाली पडतो, हे लक्षण फारसं कोणी जोडून पाहत नाही.

बंप रबर खरंच लागतंय का? रबर आणि त्यासमोरची आर्मवरची जागा पुसून स्वच्छ करा, रबराच्या टोकाला जाड ग्रीसचा ठिपका द्या, नेहमीच्या रस्त्यावर फेरी मारून या. ग्रीस चपटं होऊन समोर छाप उमटली असेल तर लागतंय. छाप नाही आणि आवाज तसाच आहे, तर तो आवाज शॉकच्या बुशचा, बॉल जॉइंटचा किंवा किंगपिनचा (चाक ज्या खिळीवर वळतं तिचा) आहे. नवीन स्प्रिंग घालून तो जाणार नाही.

एवढं करून संशय स्प्रिंगवरच राहिला तर बाहेर काढायची, आणि इथे घाई नको. मिलिमीटरला ४० न्यूटनची स्प्रिंग ११२ मिमी दाबलेली असते तेव्हा तिच्यात सुमारे २५० ज्यूल ऊर्जा असते. २५ किलोचं वजन एक मीटरवरून पडल्यासारखं. चेसिस मजबूत स्टँडवर, स्प्रिंगच्या वेढ्यांतून साखळी ओवून चेसिसला बांधलेली, आणि वाटीचे बोल्ट काढताना समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या जागी ८.८ दर्जाचे (जास्त ताकदीच्या पोलादाचे) लांब आट्यांचे रॉड. बाकीचे बोल्ट काढून या रॉडांवरचे नट आळीपाळीनं थोडे थोडे सोडत वाटी खाली आणायची. नुसता जॅक हळूहळू उतरवण्याची पद्धत सर्रास दिसते, पण वाटी तिरकी होऊन जॅक सटकला तर स्प्रिंग कुठे जाईल ते तिलाच ठाऊक. काही गाड्यांत लीव्हर शॉकचाच हात वरच्या आर्मचं काम करतो. तिथे स्प्रिंग दाबलेली असताना शॉकचे बोल्ट सैल करणं म्हणजे सस्पेन्शन मोकळं सोडणं.

स्प्रिंग हातात आली की आधी वरचं टोक कुठलं, खालचं कुठलं, डावी-उजवी यांवर खूण करा. पॅकिंगच्या चकत्या आणि रबर सीट दोन्ही बाजूंच्या वेगवेगळ्या ठेवा आणि जाडी मोजा. डावीकडे ५ मिमीची चकती कोणी तरी विसरली असेल, तर चाकापाशी जवळजवळ ९ मिमीचं कोडं तिथेच सुटतं. मग दोन्ही स्प्रिंग काचेवर किंवा सपाट प्लेटवर शेजारी उभ्या करा. मोकळी लांबी मोजा, गुण्या लावून उभी रेष सरळ आहे का पाहा, वेढे मोजा. तारेची जाडी रंग-गंज खरवडून व्हर्नियरने किमान तीन ठिकाणी घ्या. वेढ्यांची संख्या किंवा जाडी जुळली नाही तर त्या एकाच जोडीच्या नाहीतच. कुठे निळसर-काळपट भाजल्याचा डाग दिसला, तर गाडी खाली आणायला कोणीतरी गॅसनं तापवलंय. तिथलं पोलादाला दिलेलं पाणी (टेम्पर) उतरलेलं असतं, अशी स्प्रिंग भंगारात.

आपल्या उदाहरणात डावी ३१२ आणि उजवी ३२० मिमी निघाली, तर फरक ८, अपेक्षा ७.४. हिशेब जुळला, स्प्रिंगच बसली आहे. पण फरक दोनच मिलिमीटर निघाला तर उरलेले साडेपाच कुठेतरी शोधायचे आहेत: चकती, दबलेली रबर सीट, गंजून खचलेली वरची वाटी, तडा गेलेला क्रॉस मेंबर. संशय राहिला तर स्प्रिंगांची अदलाबदल करून गाडी पुन्हा उभी करा आणि मोजा. कल उजवीकडे गेला तर स्प्रिंग, डावीकडेच राहिला तर चेसिस. मेहनतीचं काम आहे, पण याहून स्वच्छ उत्तर दुसरं नाही.

पुस्तकातल्या मोकळ्या लांबीशी तुलना करताना थोडं सबुरीनं. कारखान्यातून येतानाही त्या लांबीत फरक असायचा, आणि काही उत्पादक स्प्रिंगांची भारानुसार वर्गवारी करून रंगाच्या खुणा देत. खरा निकष 'अमुक लांबीला दाबल्यावर अमुक भार' हा. वर्कशॉपच्या हायड्रॉलिक प्रेसवर गेज असेल तर काढता येतो: रॅमचा व्यास ४० मिमी असेल तर ४० बारला साधारण ५,००० न्यूटन भार येतो. ३२० मिमीची, मिलिमीटरला ४० न्यूटनची निरोगी स्प्रिंग २०८ मिमीपर्यंत दाबली की सुमारे ४,५०० न्यूटन देईल. ८ मिमी बसलेली त्याच लांबीला ४,२०० च्या आसपास. गेज खडबडीत असलं तरी दोन्ही स्प्रिंग एकाच गेजवर तपासल्या की तुलना खरी असते. प्रेसमध्ये स्प्रिंगभोवती जाड पाइपचा पिंजरा हवाच.

पुढे कॉइलऐवजी दुसरं काही असेल तर दोन शब्द. टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा पोलादी दांडा) असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ मॉरिस मायनरमध्ये, बारला कायमचा पीळ बसतो, पण मागच्या टोकाच्या लीव्हरवर उंची जुळवायची सोय असते. बसला म्हणून लगेच बदलायची गरज नसते. डावा-उजवा बार मात्र अदलाबदल करू नका. प्रत्येकाला बनवताना आपापल्या बाजूच्या एकाच दिशेनं पीळ दिलेला असतो, उलट बाजूला लावले की भराभर बसतात. बारवर खोल ओरखडा असेल तर तो तडा जाण्याची जागा समजा. पाटे असतील तर दोन्ही डोळ्यांच्या (पाट्याच्या टोकांच्या भोकांच्या) मध्यातून दोरी ताणून मेन पाट्यापर्यंतची कमान मोजा, शॅकलचा (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचा) कोन दोन्हीकडे सारखा आहे का पाहा आणि सेंटर बोल्ट (पाटे एकत्र धरणारा मधला बोल्ट) तुटलाय का ते बघा. तुटला असेल तर अॅक्सल सरकतो आणि दोन्ही बाजूंचा व्हीलबेस वेगळा भरतो.

नवीन स्प्रिंग जोडीनंच घ्या आणि बसवण्याआधी त्यांचीही लांबी, तार, वेढे मोजा. जुन्या गाड्यांसाठी नव्यानं बनवलेल्या स्प्रिंग एकाच खोक्यात ५-६ मिमीनं वेगळ्या निघू शकतात. रबर सीट नवीन घाला, वेढ्याचं टोक वाटीतल्या खाचेत पूर्ण टेकलंय याची बोटानं खात्री करा. बुश सैल ठेवूनच गाडी चाकांवर आणा, मग आवळा. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये नवी स्प्रिंगही थोडी बसते. तोवर चालवण्यापुरता टो जुळवून ठेवा, नंतर आर्मची तीच दोन मापं पुन्हा घ्या आणि मग कॅम्बर, कॅस्टर, टो आणि हेडलाइट एकदमच सेट करा. तेव्हाही एका बाजूला चार-पाच मिलिमीटर फरक उरला तर तो चकतीनं भरून काढा. मात्र चकतीची जाडी चाकापाशी हव्या असलेल्या उचलीला त्याच ०.५७ ने गुणून ठरवा.